छान वाजवलंस, मेल्चोर

मेल्चोर कालिसाया एका जागी पाच मिनिटं शांत बसलाय, असं मी जन्मात एकदाच पाहिलं, आणि तेव्हा त्याला विषमज्वर झाला होता. आम्ही नऊ वर्षांचे होतो. एरवी शाळेत, शेतात, चर्चमध्ये, कुठंही हा माणूस बुडाखाली मुंग्या असल्यासारखा. बटाटे काढताना एक सरी संपायच्या आत दुसरीत शिरणार. मेंढ्या चारायला बसला की उठून टेकडीपलीकडं काय आहे ते बघून येणार. पलीकडं दुसरी टेकडी आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही होतं. तरी जाणार.

माझ्या आयुष्यातली निम्मी चिडचिड या एका माणसामुळं झाली. उरलेली निम्मी माझी स्वतःची आहे, असं माझी बायको फाउस्तिना म्हणते.

सरोवराच्या वर डोंगरात आमचं वीलापाता गाव, त्यात ऐंशी घरं आहेत, आणि सिकुवाल्यांचा एक ताफा आहे. सिकु हे एकट्यानं वाजवायचं वाद्य नव्हे, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं भांडण कुणाला कळायचं नाही. बोरूच्या लहानमोठ्या नळ्या शेजारीशेजारी बांधलेल्या असतात, पण सगळे सूर एकाच्या हातात कधीच देत नाहीत. सहा नळ्यांची ती इरा, सात नळ्यांची ती आर्का. एक सूर इराकडं, त्याच्या पुढचा आर्काकडं, त्याच्या पुढचा पुन्हा इराकडं. इरावाला फुंकतो तेव्हा आर्कावाला श्वास घेतो, आणि आर्कावाला फुंकतो तेव्हा इरावाला. आमच्या उंचीवर हवा आधीच विरळ. इथं एकट्यानं अख्खी धून फुंकली तर डोळ्यांपुढं काजवे चमकतात. म्हणून जोडी. चौदाव्या वर्षापासून मेल्चोर इरा आणि मी आर्का. दोघांत चांगला कोण वाजवायचा, हे मला कुणी विचारू नये. तोच चांगला वाजवायचा.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडं वाजवताना कुणाची चूक नाव घेऊन सांगत नाहीत. कुणाचा सूर ताफ्याच्या बाहेर डोकावायला लागला, तर आमचे म्होरके आनिसेतोकाका आकाशाकडं बघून म्हणतात, "आज जरा वारं सुटलंय." ज्याला समजायचं त्याला समजतं. ज्याला मुळीच समजत नाही त्याला आम्ही "छान वाजवलंस" म्हणतो आणि आपापल्या बुटांकडं बघतो. त्याला घालवतही नाही आणि सुधारतही नाही. तोंडावर चूक सांगायचा हक्क गावात एकालाच, जोडीदाराला. ज्याचा श्वास तुमच्या श्वासाला बांधलेला आहे, त्यानं नाही सांगायचं तर कुणी? मेल्चोर आणि मी बारा वर्षं रोज एकमेकांचा उद्धार करत होतो. "गाढवा, झोपलास का?" "तुझा सूर आहे की कोंबडी मेली?" असं आमचं प्रेमाचं बोलणं.

माझ्या मुलीचे, ओतिलियाचे, पहिले केस कापायचा मान मी मेल्चोरलाच दिला होता. आमच्यात पहिले केस जो कापतो तो मुलाचा धर्मबाप, आणि मुलाच्या आईबापांचा कोंपाद्रे. म्हणजे भावापेक्षा जवळचा, आणि भावापेक्षा छळणारा.

हा कोंपाद्रे बावीस वर्षांपूर्वी क्रुसाच्या सणाच्या दिवशी सकाळी मला सोडून पळून गेला.

तीन मे. आम्ही टेकडीच्या पायथ्याशी उभे. क्रुसाला कागदी फुलं लावून झालेली, ढोल ताणून झालेले, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी. कुणीतरी सांगितलं, मेल्चोर पहाटेच्या ट्रकमधून बटाट्याच्या पोत्यांवर बसून आरेकिपा शहराला गेला. मी बाजूला होऊ शकलो असतो. पण मी पडलो हट्टी. अख्खी टेकडी मी धुनेतले निम्मे सूर फुंकत चढलो, आणि दर सुरानंतर जिथं उत्तर यायचं तिथं काही नाही. बायका शालीआड हसत होत्या. वर्षभर मला 'अर्धा' म्हणत. "ए अर्ध्या, पूर्ण पोतं उचलशील ना?" असं.

पुढच्या वर्षी मला सिमोनशी जोडला. सिमोन म्हणजे फाउस्तिनाचा भाऊ. तो ठीक वाजवतो. त्याच्याविषयी याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, आणि हे तो स्वतःही मान्य करेल.

आरेकिपाहून बातम्या येत राहिल्या. मेल्चोर एका हॉटेलात परदेशी पाहुण्यांपुढं वाजवतो, इरा आणि आर्का एकत्र बांधून, एकटाच, डोक्यात पिसं खोचून. आमच्यात कुणी डोक्यात पिसं खोचून सिकु वाजवलेलं मी तरी पाहिलेलं नाही. मग बातमी आली, हॉटेल बंद पडलं. मग लग्न झालं. मग बायको वेगळी राहायला गेली. मग तो केस कापायला शिकला आणि बाजारात खुर्ची टाकून बसला. सिकु त्यानं ठेवून दिलं ते दिलं. सतरा वर्षं ओठाला लावलं नाही म्हणे. प्रत्येक बातमी ऐकून मी म्हणायचो, "मला काय त्याचं?" आणि फाउस्तिना म्हणायची, "मग एवढा वेळ उभं राहून ऐकलंस कशाला?"

यंदा फेब्रुवारीत त्याची आई गेली. मेल्चोर आला. पोट सुटलेलं, केस मात्र अजून काळे, आणि चढावर कुत्र्यासारखा धापा टाकत. मयताला मी गेलो, माती दिली, त्याच्याशी बोललो नाही. आठव्या दिवसाचं जेवण झालं की परत जाईल, असं सगळ्यांनी धरलं होतं. नवव्या दिवशी त्यानं आईच्या घरापुढं खुर्ची मांडली, भिंतीवर आरसा टांगला आणि गावाचे केस कापायला सुरुवात केली.

कापायचा चांगलं. पण माणूस तोच. गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं झालं की रस्त्यावर कुणाचा ट्रक आला ते बघायला जाणार. शिक्षकाला त्यानं एकदा मानेला फडकं बांधून तासभर बसवून ठेवलं होतं, कारण खाली सरोवरात कुणाची तरी होडी उलटल्यासारखी वाटली. होडी उलटली नव्हती. होडीच नव्हती.

मी गेलो नाही. माझे केस कानांवर आले.

एप्रिलात रविवारी दुपारी शाळेच्या पटांगणात तालमी सुरू झाल्या. पहिल्याच रविवारी मेल्चोर हजर, हातात नवीकोरी इरा. पुनोच्या बाजारातून आणलेली, चकचकीत पॉलिश, लाल-पिवळे लोकरीचे गोंडे. ती बघितल्याबरोबर हा काय करून बसलाय ते मला लांबूनच दिसलं.

आमच्या ताफ्याची सगळी सिकु एका कारागिराकडून एकदम कापून घेतलेली असतात. त्याच्याकडं प्रत्येक गावाची मापाची काठी असते. त्या काठीवरच्या खुणांवर नळ्या कापायच्या. वीलापाताची काठी वेगळी, शेजारच्या गावची वेगळी, आणि म्हणून दोन गावांची सिकु एकमेकांत मिसळत नाहीत. बाजारातली सिकु तर गिटारीला जुळवलेली, कुणालाही विकायची. मेल्चोरला हे माहीत नव्हतं असं नाही. दहाव्या वर्षी माहीत होतं. पण शहरात बावीस वर्षं काढलेला माणूस दुकानात शिरला, नळीत फुंकलं, चांगलं वाजलं, घेऊन आला. बाहेरगावचा पाहुणा करील ती चूक आमच्या सगळ्यात चांगल्या इरावाल्यानं केली. तिची पट्टी आमच्यापेक्षा केसभर खाली होती. केसभरच, पण जेवताना दाताखाली खडा येतो तसं.

"काका, मला उभं राहू द्याल का?" त्यानं आनिसेतोकाकांना विचारलं.

"ये की. सणाला कुणी कुणाला नको म्हणत नाही," काका म्हणाले.

मेल्चोरनं माझ्याकडं बघितलं. मी सिमोनच्या शेजारी होतो, तिथंच राहिलो. मग तो रांगेच्या टोकाला इलारिओनबाबांशेजारी जाऊन उभा राहिला. इलारिओनबाबा आर्का वाजवतात आणि त्यांना एका कानानं ऐकू येत नाही. दुसऱ्यानंही येत नाही, पण ते कबूल करत नाहीत.

धून झाली. मेल्चोर थेट माझ्यापुढं येऊन उभा. धाप लागलेली, ओठ निळसर. "कसं झालं?"

"छान वाजवलंत," मी म्हणालो. आणि बुटांकडं बघितलं.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. बावीस वर्षांनी एखादं कुसळ निघाल्यासारखं बरं वाटलं. त्याचा चेहरा असा पडला की मी मनातल्या मनात तो पुन्हा पुन्हा बघत घरी गेलो.

चार रविवार असं चाललं. दर रविवारी तो विचारणार, मी छान म्हणणार. काका आकाशाकडं बघणार. मधल्या दिवसांत मेल्चोर गावभर फिरून लोकांना विचारायला लागला. सिमोनला विचारलं, शिक्षकाला विचारलं, पाणी भरायला आलेल्या बायकांना विचारलं. "माझं काही चुकतंय का?" बायका म्हणाल्या, "छान, छान." एकदा तो आमच्या बार्लीच्या शेताच्या वर एकटाच वाजवत होता. वाजवता वाजवता चक्कर येऊन मटकन बसला, पुन्हा उठला, पुन्हा वाजवलं, पुन्हा बसला. मी खाली कुदळीला टेकून बघत राहिलो. त्याचा तिसरा सूर हवेत लोंबकळत होता आणि त्याला उत्तर नव्हतं. माझ्या हाताची बोटं कुदळीच्या दांड्यावर हलली. मी रागानं कुदळ मातीत मारली आणि सरी वाकडी गेली.

त्यानंतर मलाही स्वस्थता मिळेना. जेवायला बसलो की उठायचो. गाईला पाणी दाखवून यायचो, तिनं प्यायलं असलं तरी.

"तुलाही मुंग्या चावायला लागल्या का?" फाउस्तिना म्हणाली. "एक तर त्याच्याशी बोल, नाहीतर नको बोलूस. पण हे असं दारात येरझाऱ्या घालू नकोस, कोंबड्या बिथरतात."

"मला काय बोलायचंय त्याच्याशी?"

"मग केस तरी काप. क्रुसापुढं या अवतारात येणार असशील तर मी तुझ्यासोबत चढणार नाही."

सणाच्या आदल्या सकाळी मी गेलो. ती पाठवते म्हणून गेलो, असं मी स्वतःला सांगितलं. मेल्चोरनं खुर्ची झटकली, मानेला फडकं बांधलं.

"मान खाली."

मी घातली.

"किती कापू?"

"तुम्हाला योग्य वाटेल तेवढे."

कात्री थांबली. "नासारिओ, तुझ्या पोरीचं जावळ मी काढलंय. मला अहो-जाहो करतोस?"

मी मान आणखी खाली घातली. तो कापायला लागला. एक बाजू झाली. मग तो रस्त्यापर्यंत गेला, परत आला, कात्री पुसली, पुन्हा रस्त्यापर्यंत गेला.

"माझं कसं वाजतंय?" त्यानं तिथूनच विचारलं.

"छान."

"छानची..." शिवी त्यानं अर्ध्यावर गिळली आणि तरातरा माझ्यापुढं आला. "मला कळतं रे. काहीतरी बोचतंय, हे कळतं. पण काय ते कळत नाही. सतरा वर्षांत कान बोथट झालेत. मी घाई करतो का? जोर जास्त लावतो का? पट्टी खाली आहे का? कुणाला विचारू? आनिसेतोकाकांना विचारलं, तर म्हणाले, यंदा बार्ली चांगली आलीय."

"आलीय चांगली."

"तू सांग."

"मी तुमचा जोडीदार नाही," मी म्हणालो. "माझा जोडीदार सिमोन आहे. तो ट्रकवर बसून कुठं जात नाही."

मला वाटलं, आता हा खाली बघेल. बघितलं नाही. माझ्या डोळ्यांत बघत राहिला.

"बावीस वर्षांपूर्वी तर होतास ना जोडीदार? तेव्हा तरी कुठं सांगितलंस?"

"काय सांगितलं नाही?"

"त्या वर्षी मी सगळ्यांच्या वर वाजवत होतो. बारा जोड्यांच्या वर. मला कळत नव्हतं होय? मुद्दाम करत होतो. बघत होतो, तू कधी चिडतोस. एप्रिलभर वाट बघितली. शेवटच्या तालमीनंतर तुला विचारलं, कसं झालं. काय म्हणालास, आठवतंय?"

मला आठवत होतं.

"छान वाजवलंस, म्हणालास. तू! मला! आणि बुटांकडं बघितलंस. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. पण तू म्हणालास, आणि मला कळलं, माझं इथलं संपलं. घरी जाऊन बोचकं बांधलं."

खोटं बोलतोस, असं ओरडावंसं वाटलं मला. पण ते खोटं नव्हतं. त्या वर्षी मार्चमध्ये तो इरा आणि आर्का दोरीनं एकत्र बांधून माझ्या दारात आला होता. माझे सूर आणि त्याचे सूर एकटाच फुंकून दाखवले, आणि हसून म्हणाला, "बघ कोंपाद्रे, तुझी गरजच नाही!" गंमत होती. त्याच्या सगळ्या गमती असल्याच. पण ती माझ्या काळजात घुसली, आणि मी ठरवलं, नाही ना गरज? मग माझ्याकडून एक शब्द मिळणार नाही. गोड बोलून मी त्याला मारला. हे मी बावीस वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

मी फडकं ओढून काढलं आणि उठलो.

"अरे, अर्धं डोकं राहिलंय!"

मी तसाच घरी गेलो. फाउस्तिना पोट धरधरून हसली, मग मेंढ्यांची कात्री घेऊन उरलेलं कापायला बसली. तिच्याकडं पाठ होती म्हणून मला सगळं सांगता आलं. कात्री थांबली.

"म्हणजे," ती म्हणाली, "बावीस वर्षं मी 'पळपुटा मेल्चोर, पळपुटा मेल्चोर' ऐकत आले, आणि पळवलं होतंस तू?"

"तो आपल्या पायांनी गेला."

"हो. आणि आपल्या पायांनी परत आलाय. आता पुन्हा छान म्हण, म्हणजे पुन्हा जाईल. मग सत्तरीपर्यंत रडायला बरं."

तिनं माझा कान थोडा कापला. मुद्दाम कापला, असं माझं मत आहे.

सणाच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. रात्रीच्या दवाचं गवतावर बर्फ झालेलं, ते उन्हात विरघळत होतं. क्रूस खांद्यावर घेऊन चौघं पुढं, मग आम्ही चोवीस जण आणि जास्तीचा मेल्चोर, मागून बायका जेवणाची गाठोडी घेऊन. टेकडीच्या वाटेवर तीन ठिकाणी क्रूस टेकवून विसावा घेतात, कोकाची पानं वाटतात, आणि पुन्हा चढतात. मी टोपी खाली ओढून चाललो होतो. टोकाकडून मेल्चोरचा सूर येत होता, खाली, आंबट, कुणातही न मिसळणारा. आणि बाकीचे सगळे काही ऐकूच येत नाही अशा चेहऱ्यानं वाजवत होते. मीही त्यांतलाच.

पहिल्या विसाव्याला मी नुसती पानं चघळत राहिलो. आता सांगितलं तर सगळ्या ताफ्यासमोर सांगावं लागणार. सांगणं म्हणजे तो माझा जोडीदार आहे असं गावासमोर कबूल करणं, आणि मग त्या 'छान'चंही कबूल करणं. नाही सांगितलं, तर सण संपल्यावर तो आरसा उतरवून निघून जाईल हे मला दिसत होतं. सकाळीच त्याच्या दारात खुर्ची दोरीनं बांधलेली मी पाहिली होती.

दुसऱ्या विसाव्याला त्यानं इरा खाली केली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. चार रविवार विचारलं, आज विचारलं नाही. गोंडे गुंडाळून इरा अंगावरच्या लोकरी पोंचोच्या आत ठेवायला लागला.

"गाढवा!" मी ओरडलो.

ढोलवाल्याच्या हातातली काठी पडली.

"तुझ्या त्या सिकुची पट्टी खाली आहे! बाजारातून कसलं लाकूड उचलून आणलंस? दहा वर्षांच्या पोराला कळतं, मापाची काठी विचारायची असते, आणि तू गोंडे बघून घेतलंस? महिना झाला, माझे कान किटले! आण इकडं!"

कुणी हललं नाही. अशा ठिकाणी असं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. मेल्चोरचं तोंड उघडं. मग त्यानं पोंचोतून इरा काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो दात काढून हसत होता.

"अजून?" तो म्हणाला.

"अजून काय? तिसऱ्या नळीत फुंकतोस की शेळीला हाका मारतोस? आणि श्वास माझ्या सुरावर घ्यायचा, मधेच नाही, म्हणून चक्कर येते तुला. फाउस्तिना, मका दे!"

तिनं गाठोड्यातून भाजलेल्या मक्याची मूठ काढली. तिच्या तोंडावर असं समाधान होतं की मला त्याचाही राग आला. खाली उतरलेली नळी चढवायची तर तळाशी दाणा टाकतात. आम्ही दोघं दगडावर बसलो. मी माझी नळी फुंकायचो, तो त्याची फुंकायचा. मी म्हणायचो, "खाली. अजून खाली." एक दाणा. "आता वर गेलं, मूर्खा, अर्धा टाक." तो दातांनी दाणा तोडायचा. सहा नळ्या होईपर्यंत क्रूस, गाव आणि ढोल सगळे थांबून होते. आनिसेतोकाका सरोवराकडं बघत म्हणाले, "वारं पडलं वाटतं."

मी सिमोनकडं गेलो. कसं सांगावं कळेना.

"जा रे बाबा," सिमोन म्हणाला. "बावीस वर्षं माझ्या शेजारी उभा आहेस, पण कान रस्त्याकडं. मी इलारिओनबाबांबरोबर वाजवतो. त्यांना सगळं आवडतं."

आम्ही उठलो. मेल्चोर माझ्या डावीकडं, पूर्वी होता तिथं. ढोल वाजला. त्यानं पहिला सूर फुंकला आणि तो सरळ ताफ्यात विरघळला, कुठून आला ते कळेना. मी दुसरा फुंकला. तो तिसरा. त्याचा श्वास चालताना मला खांद्याला जाणवत होता. धून दोनदा फिरली. मी डोळे मिटले होते. इतकं हलकं मला ओतिलिया जन्मली तेव्हा वाटलं होतं.

तेवढ्यात तो थांबला. वाजवता वाजवता, सणात, चढावर, मधेच. त्याच्यामागं सगळा ताफा अडखळून थांबला.

"तू उशिरा येतोयस," मेल्चोर म्हणाला.

"काय?"

"माझा सूर संपतो, मग तू येतोस. संपायच्या आत यायला पाहिजे. मधे खड्डा पडतोय. दर वेळी."

"काहीतरी बोलू नकोस. इतकी वर्षं वाजवतोय मी. सिमोनला विचार!"

मी सिमोनकडं वळलो. "छान वाजवतोस की तू, नासारिओ," सिमोन म्हणाला आणि बुटांकडं बघायला लागला. मी आनिसेतोकाकांकडं बघितलं. काका ढग शोधत होते, आकाशात एकही नव्हता. मग मी एकेकाच्या तोंडाकडं बघत गेलो. बारा जोड्यांतला एकही माणूस माझ्याकडं बघत नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

मेल्चोरनं इरा ओठाला लावली. "चल, पुन्हा," तो म्हणाला. "आणि या खेपेला माझी वाट बघू नकोस."